साहेबांच्या बुटांसाठी पाडलेला चर

साहेबांच्या बुटांना चिखल लागू नये, एवढंच रावजींच्या मनात आलं आणि त्यांनी कुदळ उचलली.

रावजींचं शेत पोलादपूरच्या वरच्या अंगाला, त्यांच्याच घरामागच्या चढावर. भात कापून झालं तरी झऱ्यांचं पाणी त्यात साचून राहायचं. आनंदीबाईंना तिथं वाल पेरायचे होते. लग्न होऊन आल्यापासून. रावजी दर वर्षी हो म्हणायचे आणि बांधावर जाऊन बसायचे. पाण्यात आभाळ उतरलेलं असायचं, चतुर भिरभिरत असायचे, आणि रावजींना तिथं वाल फुलावर आलेला दिसायचा. (न पेरलेलं पीक त्यांच्याइतकं कुणीच काढलं नसेल.)

यंदा बातमी आली, की शेतात तुंबलेलं पाणी काढायला सरकारी कर्ज मिळतं. रावजींनी अर्ज केला. आनंदीबाईंनी वरंधहून, माहेरून, बियाण्याचे वाल आणले आणि टोपली स्वयंपाकघरात भिंतीकडेला ठेवली. आता बँकेच्या साहेबांनी येऊन पाणी बघायचं तेवढं बाकी होतं.

"एवढा शिकला-सवरला माणूस, त्याला चिखलातनं चालवायचा काय गो?" रावजी म्हणाले.

म्हणून पायवाटेपुरतं पाणी सरकावं अशा बेतानं त्यांनी बांधाला एक चर पाडला. पाणी झुळझुळ वाहू लागलं. काय गोड आवाज होता तो! ऐकता ऐकता रावजींचे डोळेच मिटले. पाणी कुठं चाललंय, हे बघायचं तेवढं राहून गेलं. मग घराला कुलूप लावून दोघं वरंधला भाचीच्या लग्नाला गेली. तिथं रावजींनी पंगतीत बसल्या बसल्या सगळं शेत पेरून टाकलं.

चार दिवसांनी परत आली, तर बँकेचे अश्वजित साहेब दारात हजर. आनंदीबाई कुलूप काढायला थांबल्या आणि रावजी साहेबांना घेऊन शेतावर गेले. शेत कोरडं ठणठणीत. साहेबांच्या बुटांना नुसती धूळ लागली.

"रावजीकाका, पाणी कुठे आहे?"

"हुतं की सायब! देवाशपथ हुतं!"

"आता नाही ना? निचरा झालेल्या जमिनीला निचऱ्याचं कर्ज कसं देऊ?"

तेवढ्यात खालून आनंदीबाईंची हाक आली. "अवो, तुमचं पाणी घावलं! चुलीपाशी हाय!"

स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. पाट तरंगतोय. रावजींचा चेहरा उजळला.

"बघा सायब! हाय का नाय पाणी? लिवा आता!"

"काका, कर्ज शेतजमिनीला आहे. स्वयंपाकघर त्यात बसत नाही."

आनंदीबाईंनी टोपली उचलली. वालांना लांबच लांब मोड आले होते, पेरायच्या लायकीचे राहिलेच नव्हते. त्यांना फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी शेत मोकळं झालं आणि बियाणं गेलं. पण दारी आलेला माणूस उपाशी कसा धाडायचा? त्यांनी अंगणात तीन दगडांची चूल मांडली. रावजी आणि साहेब मुकाट्यानं वाल सोलायला बसले.

जेवताना साहेबांनी बिरडं दुसऱ्यांदा मागून घेतलं. "वा, काकू! वाल घरच्या शेतातले का?"

आनंदीबाईंनी रावजींकडे पाहिलं. ते हातात घास धरून चढावरच्या कोरड्या शेताकडे बघत होते. तिथं बहुतेक वाल फुलावर आला होता.

"नाय सायब," त्या म्हणाल्या. "शेतातलं पीक ह्यांना एकट्यालाच दिसतं. आपन खातोय ते सैपाकघरातलं."