लाडूची खानदानी चाल

कळंबच्या बैलबाजारात सोमलिंगअप्पांना चुना लावणारा व्यापारी अजून जन्मायचा होता! मग टोपलीत मावेल एवढं कुत्रं पारखणं म्हणजे डाव्या हाताचा मळ.

"चार पायाचं जनावर मला फसवतंय व्हय?" म्हणत ते सुनेला, भुवनेश्वरीला, आणि पाच वर्षांच्या नातीला, अक्षदाला, घेऊन कुत्री विकणाऱ्या धनाजीकडं पॉमेरेनियनचं पिल्लू आणायला निघाले.

अक्षदाला कोपऱ्यातलं झोपाळू पिल्लू आवडलं. अप्पांनी मात्र दात मोजले, शेपूट ओढली, कपाळावरचा भोवरा पाहिला आणि एक कापसाचा बोळा उचलला. तो दर चौथ्या पावलाला मागचा पाय वर घेऊन टुणकन उडी मारायचा.

"चाल बघ, चाल! वरातीतलं घोडंच!"

तेवढ्यात त्याची आईही पाय उचलून टुणटुणत आली.

"अप्पा, ही लंगडतीय का?" भुवनेश्वरीनं हळूच विचारलं.

"येडी का काय! आईची चाल पोरात उतरलीय. ह्याला खानदान म्हणत्यात!"

पिल्लाचं नाव पडलं लाडू. वर्षभर अप्पांनी लाडूची चाल अख्ख्या गल्लीला दाखवली. अक्षदा त्याच्याशिवाय जेवेना. शेवटी शेजारच्या धुरपताबाई आपल्या कुत्रीचं, चिमणीचं, स्थळ घेऊन आल्या. अप्पांनी पोरीचं स्थळ पाहावं तशी चौकशी केली, सुपारीसुद्धा फोडली!

"आता नवरदेवाची चाल बघा!" म्हणून त्यांनी लाडूला ओट्यावर उभं केलं.

लाडूनं चिमणीला पाहिलं आणि थेट खाली झेप घेतली. "कँय!" मागचा पाय वरच्या वर अडकला. अक्षदानं असा टाहो फोडला, की चिमणी पाटाखाली शिरली.

धुरपताबाई म्हणाल्या, "नजर लागली! मिरच्या ओवाळा!"

भुवनेश्वरीनं मिरच्यांची वाट न बघता लाडूला पदरात गुंडाळलं आणि रिक्षा थांबवली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघा चाचपला, हलकेच दाबला. पाय सरळ झाला.

"वाटी सरकते याची. लहान जातीच्या कुत्र्यांत हे बऱ्याचदा आईबापाकडून येतं. उड्या बंद, जिना बंद, वजन वाढू द्यायचं नाही. दुखणं फारच वाढलं तर ऑपरेशन. आणि याची पिल्लं नकोत, त्यांच्यातही उतरेल. याच्या आईची चाल पाहिली होती का?"

अप्पा छताच्या पंख्याकडं बघू लागले. भुवनेश्वरीनं ओठ घट्ट दाबून धरले. सासऱ्याची लाज सुनेनं नाही राखायची तर कुणी?

घरी येऊन अप्पांनी धुरपताबाईंपुढं स्वतः हात जोडले. "सोयरीक मोडा. खोट आमच्याकडची हाय."

लाडूच्या पायाचं कळताच धनाजीचा फोन आला. "अप्पा, काळजी करू नका. आणा माघारी, दुसरं देतो!"

अक्षदानं ऐकलं. लाडूला छातीशी धरून ती दाराच्या कोपऱ्यात जाऊन बसली. रडलीही नाही.

अप्पा ओट्यावरून उठले. हात गुडघ्यावर ठेवून, कण्हत, एक पाय ओढत नातीपाशी गेले.

"माझीबी वाटी सरकती, बाय. माझ्या बापाचीबी सरकायची. म्हणून मला कुणी माघारी दिलं का?"

अक्षदा हसली. लाडूनं अप्पांचं नाक चाटलं. भुवनेश्वरीचे डोळे भरून आले.

एवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा, पार्वतम्मांचा, आवाज आला,

"द्यायला म्या चाळीस वर्षं तयार हाय! पर चाल बघितली की कुणी घ्यायलाच तयार न्हाय!"