पॅसेजमधलं हवामान

शेवटी त्या चौघांचं एकमत झालं. राहायला कुठलं गरम राज्य निवडायचं, या प्रश्नावर नवरा, बायको, लेक आणि सासरेबुवा यांनी एकाच जागेकडे बोट दाखवलं. कोणी रुसलं नाही, कोणी दार आपटलं नाही. पण हे घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. ज्या घरात भाजी कुठली करायची यावर आजवर एकमत झालं नव्हतं, तिथल्या बातमीवर एकदम विश्वास ठेवणं बरं नाही.

घरातला कर्ता पुरुष शीतगृहात मिस्त्री होता. भाज्या, फळं, मासळी थंड ठेवणारी यंत्रं चालू ठेवायची, हे त्याचं काम. दिवसभर गारठ्यात राबायचं आणि संध्याकाळी गारठ्यातूनच घरी यायचं. फरक इतकाच, की कामावरच्या गारठ्याचा पगार मिळायचा. त्या गावातला हिवाळा चिवट पाहुण्यासारखा होता. निघतो निघतो म्हणत दारापर्यंत जायचा आणि पुन्हा येऊन बसायचा.

मिस्त्रीची बोटं आखडत चालली होती. आधी सुई धरता येईना, मग शर्टाची बटणं लागेनात. आता बायको रोज सकाळी त्याची बटणं लावून द्यायची आणि तो छताकडे बघत उभा राहायचा.

"थंडी सोडा," डॉक्टर म्हणाले.

"मी सोडली डॉक्टर. तीच सोडत नाही."

"मग पुढच्या हिवाळ्यात ही बोटं मिटायची नाहीत. पाना धरता येणार नाही."

पाना गेला की नोकरी गेली, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. तेवढं मिस्त्रीला फुकट कळलं.

आणि अशात साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. कंपनी तीन गरम राज्यांत नवी शीतगृहं काढत होती. "तुझी जुनी सेवा आहे. तिन्हींपैकी हवं ते घे. फक्त शनिवारपर्यंत सांग," साहेब म्हणाले, "नाहीतर उत्तरेच्या बर्फ कारखान्यात एक जागा रिकामी आहे. तिथं कोणी टिकत नाही, म्हणून ती कायम रिकामीच असते."

मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा धावत घरी आला. बातमी ऐकून घर आनंदलं. तो आनंद चहा उकळेपर्यंत टिकला.

"कोरडं राज्य," नाना म्हणाले. नाना म्हणजे मिस्त्रीचे वडील. त्यांच्या गुडघ्यांना ओल आधी कळायची, मग हवामान खात्याला.

"कोरडं? माझ्या टाचा बघा आधी. भेगांत नाणं राहील," बायको म्हणाली. "समुद्राकाठचं दमट राज्य घ्यायचं. कातडी मऊ राहते."

"मऊ तर शेवाळंही राहतं."

"मला वाऱ्याचं राज्य हवं," लेक म्हणाली. ती कॉलेजात होती आणि जन्मापासून स्वेटरात होती. "गरम वारा, उघड्या खिडक्या. मला एकदा तरी माझे कोपर बाहेर न्यायचेत."

मिस्त्रीला तिन्हींतलं कुठलंही चाललं असतं. पण जो कुठेही जायला तयार असतो त्याला घरात कोणी विचारत नाही.

बुधवार उजाडला तरी तिढा सुटेना. तेव्हा मिस्त्रीने, त्याच्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांप्रमाणे, हेही संकट स्वतःच्या अकलेने वाढवलं. शीतगृहात नवा माल आला की तो एकदम साठवत नाहीत. आधी एखादी पेटी वेगळ्या खोलीत, वेगळ्या हवेत ठेवून बघतात. टिकली तर माल घ्यायचा, सडली तर हवा बदलायची. मिस्त्रीचा या पद्धतीवर देवाहून जास्त विश्वास होता.

"घरातच तिन्ही राज्यं करतो," तो म्हणाला. "एकेका हवेत सगळ्यांनी एकेक दिवस राहून बघायचं. ज्या हवेत चौघं टिकतील ते राज्य आपलं."

"म्हणजे आम्ही बटाटे?" बायकोने विचारलं.

"बटाट्यांना विचारावं लागत नाही."

साहेबांच्या परवानगीने त्याने सोमवारपर्यंतच्या बोलीवर कामावरून यंत्रं आणली. नानांच्या खोलीत कांदे सुकवायचा हीटर बसला. तिथली हवा पापडासारखी झाली. स्वयंपाकघरात पालेभाज्या ताज्या ठेवणारं वाफेचं यंत्र लागलं, शिवाय शेगडीवर पातेलं. बाहेरच्या खोलीत मोठा ब्लोअर आला, आणि त्याच्या पहिल्याच झोताने कॅलेंडर भिंतीवरून उडून पुढच्या वर्षात गेलं. तिन्ही खोल्यांची दारं मधल्या अरुंद पॅसेजमध्ये उघडत. तिथे चपलांचा रॅक, एक स्टूल आणि मीटरची पेटी होती. मिस्त्रीने मुक्काम तिथे केला, कारण तिन्ही यंत्रांवर तिथूनच लक्ष ठेवता येत होतं.

एक दिवस झाला की खोल्या बदलायच्या, असं ठरलं होतं. पण ज्याने त्याने आपापलं राज्य आधी धरलं आणि गुरुवारी कोणीच उठेना.

"नाना, आता स्वयंपाकघरात चला."

"मी परदेशात जात नाही," नाना म्हणाले. ते बनियनवर बसले होते. गुडघे त्यांनी मित्र बसवावेत तसे समोर पसरले होते. "हे वाकतायत बघ. किती वर्षांनी. आता ह्यांना घेऊन मी त्या डबक्यात जाऊ?"

डबक्यातून लगेच आवाज आला. "नानांना म्हणावं, डबक्यात चहा होतो. वाळवंटात होत नाही."

हे खरं होतं. शेगडी दमट राज्यात होती. पण बिस्किटांचा डबा कोरड्या राज्यात होता आणि टीव्ही वाऱ्याच्या राज्यात. प्रत्येकाचं म्हणणं, बाकीच्यांनी यावं, आपण कशाला जायचं. मग पॅसेजमधून दळणवळण सुरू झालं आणि हमाल होता मिस्त्री. चहा इकडून तिकडे जायचा, बिस्किटं तिकडून इकडे यायची. बायकोच्या हाती पोचेपर्यंत बिस्किट कुरकुरीत असायचं आणि तोंडापर्यंत जाईस्तोवर त्याची मान पडायची.

"नानांनी शिळी बिस्किटं पाठवलीत."

"तुझ्या हवेत कुलूपसुद्धा मऊ पडेल," भिंतीपलीकडून नाना म्हणाले.

त्यातच दमट राज्याची वाफ दाराखालून निघून कोरड्या राज्यात शिरू लागली. नानांनी तिला घुसखोरी म्हटलं आणि दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. टॉवेल बायकोचा होता. तिने तो परत मागितला. नाना म्हणाले, वाळला की देतो. वाळला तेव्हा तो इतका वाळला होता, की भिंतीला टेकवून उभा राहत होता. वाऱ्याच्या राज्याला या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. लेक उघड्या कोपरांनी सोफ्यावर बसली होती, तिचे केस आडवे उभे होते, आणि तिला काही विचारलं तर ऐकू जात नव्हतं. "बाबा, हेच," एवढंच ती ओरडून सांगायची.

मग मीटर बोलू लागला. तिन्ही यंत्रं एकदम चालली की मेन स्विच पडायचा. मिस्त्रीने पाळ्या लावल्या. ज्याची पाळी नसेल तो दारातून डोकं काढून म्हणायचा, की आमच्यावर पहिल्यापासून अन्याय होतोय.

"तुम्ही आईच्या पोटी जन्मलात की वाफेच्या?" नानांनी विचारलं. मुलाला ते रागावले की अहोजाहो करायचे.

"तुम्ही वडिलांचं ऐकता म्हणून माझ्या वाट्याला दोनच पाळ्या," बायको म्हणाली. "लग्नातसुद्धा असंच झालं होतं."

शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्री स्टुलावर डोकं धरून बसला. उद्या शनिवार. आपण घर एका राज्यात न्यायला निघालो होतो आणि घराचीच तीन राज्यं झाली. तो उत्तरेचा विचार करू लागला. एकटाच जाईन, म्हणाला. बर्फाच्या कारखान्यात माझ्यासारखा माणूस शोभतो. तिथं निदान सगळं एकजीव गोठलेलं असतं. नाक पुसायला म्हणून त्याने रुमाल काढला, घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवला. मग तो थबकला. घडी त्याने बोटांनी घातली होती.

त्याने मूठ मिटून पाहिली. मिटली. उघडली. शर्टाचं वरचं बटण काढून पुन्हा लावून पाहिलं. मग सगळी बटणं काढली आणि सगळी लावली. पॅसेजमध्ये तीन दारांच्या फटींतून तीन हवा येत होत्या. कोरडी, ओली आणि वाहती. आणि त्यांचं मिळून असं काही झालं होतं, की आपल्या अंगाला हवा लागते आहे हेच कळू नये. मिस्त्रीला एकदम भीती वाटली. त्याला जे हवं ते मिळायची सवय नव्हती. हे कोणाला सांगायचं नाही असं त्याने ठरवलं आणि नकळत गुणगुणू लागला.

"अहो, तुम्ही गाताय?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"नाही."

"मग कोण गातंय?"

"मीटर."

लग्नाला इतकी वर्षं झालेली बायको अशा उत्तराने फसत नाही. तिने दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, आणि दुसरा आपोआप आला. "इथं काय आहे?" म्हणत लेक आली. आपल्याविरुद्ध काही शिजतंय या खात्रीने नाना आले, आणि ते गुडघ्यांवर हात न ठेवता खाली बसले. चौघं चपलांच्या रॅकला टेकून मांडीला मांडी लावून बसले. बायकोने चहा आणला, नानांनी डबा आणला. बिस्किट मोडलं तेव्हा कट्कन आवाज झाला आणि तो सगळ्यांनी आदराने ऐकला.

"हेच घ्यायचं," बायको म्हणाली.

"हेच," नाना म्हणाले. सुनेच्या बोलण्याला त्यांनी दुजोरा दिला, हे लक्षात येऊन त्यांनी चहाचा घोट जरा घाईने घेतला.

"बाबा, हे कुठलं राज्य?" लेकीने विचारलं.

मिस्त्रीने एकेका दाराकडे पाहिलं. हे कुठलंच नव्हतं. हे तिघांचं उरलेलं होतं.

"मला ते कळत नाही," नाना म्हणाले. "तू मिस्त्री आहेस. बघ काय ते. आता मी दुसरीकडे येणार नाही."

"मीही नाही," बायको आणि लेक एकदम म्हणाल्या. घराच्या इतिहासात हेही पहिल्यांदाच होतं.

शनिवारी सकाळी साहेबांचा फोन आला. "हं, बोल. कुठलं?"

"मधलं, साहेब."

"मधलं कुठलं?"

"तिन्हींच्या मधलं. तिन्हीकडून थोडं थोडं येतं तिथं."

साहेब भला माणूस. त्यांनी खरोखर नकाशा काढल्याचा आवाज आला. "अरे, ती राज्यं एकमेकांना कुठंच टेकत नाहीत. मध्ये समुद्र आहे."

"घरच्यांचं एकमत झालंय, साहेब."

"समुद्रावर?"

मिस्त्रीने मागे वळून पाहिलं. नाना, बायको आणि लेक रॅकला टेकून त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता, की त्याला गलबलून आलं. सोमवारी यंत्रं परत जाणार होती. सोमवारपासून हा पुन्हा नुसता पॅसेज होता, आणि बटणं पुन्हा बायको लावणार होती.

"हे बघ," साहेब म्हणाले, "काय ते लेखी दे. संध्याकाळपर्यंत नाही आलं, तर उत्तरेचा आदेश काढतो. मलाही वर उत्तर द्यायचं असतं."

मिस्त्रीने स्टूल ओढलं. पेन त्याच्या बोटांत नीट बसलं. त्याचं अक्षर कित्येक वर्षांत इतकं वळणदार आलं नव्हतं. त्याने लिहिलं:

"महोदय, अर्जदार व त्याचे कुटुंब तिन्ही राज्यांत राहण्यास राजी नसून त्यांच्या मध्ये राहण्यास राजी आहे. तरी सदर तिन्ही राज्ये एकमेकांजवळ सरकवून, मधोमध चार माणसे व एक चपलांचा रॅक मावेल एवढी जागा सोडून, सोमवारपूर्वी बसवून मिळावीत. मधल्या समुद्राची अडचण होत असल्यास, तो तात्पुरता ठेवण्यासाठी आपल्या शीतगृहातील मासळीची खोली सध्या रिकामी आहे, तिचा वापर करण्यास मंजुरी मिळावी, ही विनंती."