शिळा नाय, थांबलाय

अन्याय हिराकाकींवर झाला. गेल्या मंगळवारी, सकाळी सव्वासात वाजता, सुकापुरात, त्यांच्याच स्वयंपाकघरात. करणारी मी. एरवी अन्याय करणाऱ्यांची नावं मी ठळक टायपात छापते, तेव्हा इथे मला सूट नाही.

हिराकाकी माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांचीच भातशेती होती. पाहुण्याला लिफ्ट दाखवून त्या सांगतात, "हितं आमचं खलं व्हतं, भात झोडायचं." दाराला कडी कधीच नाही. "कडी लावली तं मानूस आत येल कसा?" आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाने काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास. रात्रभर तिथेच. सकाळी आठच्या आत ग्लास रिकामा होऊन मोरीत.

आता मी कोण? आम्ही चार जण मिळून आरोग्याची आणि अन्यायाविरुद्धची पत्रकं काढतो आणि दारोदार वाटतो. हा ग्लास पाहिल्यावर माझं डोकं फिरलं. मी एक खास पत्रक लिहिलं: 'रात्रीचा चहा, सकाळचं दुखणं!' दूध घातलेला चहा रात्रभर बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात, सकाळी उकळून घेतला तरी भरवसा नाही, ओतून द्या. सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे. पहिली प्रत काकींना दिली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पत्रक ग्लासवर झाकण म्हणून ठेवलेलं.

"कागद जाड हाय गो तुजा," काकी म्हणाल्या. "मुंगी जात नाय."

तेव्हापासून सहा महिने, रोज सकाळी बस पकडायच्या आधी, मी काकींच्या घरात शिरून भांडत होते.

"काकी, शिळा चहा विष असतो!"

"शिला नाय, थांबलाय."

"चहा काय थांबतो?"

"मानूस थांबतो, मंग चा का नाय थांबनार? बस. खोबऱ्याची वडी खा."

मी वडी खात खात निषेध नोंदवायचे. काकींनी माझं नाव 'पत्रकवाली' ठेवलं होतं. एखाद्या दिवशी मी आले नाही की दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "काल चा चांगला व्हता काय गो? भांडाय नाय आलीस!" आणि मुद्दाम माझ्यादेखत ग्लास नाकापाशी नेऊन असा काही वास घ्यायच्या की जणू नुकताच आलं कुटून केलाय. पिताना मात्र मी त्यांना कधीच पाहिलं नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मंगळवारी मी शिरले तर काकी दिसल्या नाहीत. न्हाणीघरात नळ चालू होता. ग्लास खिडकीत उभा. चर्चा खूप झाली, आता कृती, असं म्हणून मी चहा बेसिनमध्ये ओतला, ग्लास खसाखसा घासला, पालथा घातला आणि विजयी मुद्रेने बस पकडली.

पळस्पे फाट्यावर उतरल्यावर कळलं, पत्रकांचा गठ्ठा काकींच्या ओट्यावरच राहिलाय. चरफडत रिक्षा केली. परत पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. नळ अजून चालूच, आणि आतून बादलीवर तांब्या आपटल्याचा आवाज.

काकी ओल्या फरशीवर बसल्या होत्या. पाय घसरला, घोटा सुजून टम्म. मी दिसताच म्हणाल्या, "आलीस? नळ बंद कर पयला. पानी वाया चाललंय."

त्यांना उठवता उठवता मी विचारलं, "काकी, हाक का नाही मारलीत?"

"मारली ना. नळाच्या आवाजात कोन आयकतो? म्हटलं, आठ वाजले का चांगू बोंब मारंलच."

चांगू म्हणजे चांगूमावशी, समोरच्या बिल्डिंगमधल्या. उरणच्या कोळीण, गुडघे गेल्यापासून दिवसभर खिडकीत बसून असतात. दोघींचा करार असा: सकाळी उठलं, हातपाय धड चालताहेत, की काकींनी खिडकीतला ग्लास उचलायचा. आठनंतरही ग्लास तिथेच दिसला तर चांगूमावशींनी बोंब ठोकून वॉचमनला वर पाठवायचं. त्या दिवशी मावशींनी खिडकी पाहिली. ग्लास नाही. म्हणजे हिरा ठीक. त्या निर्धास्त भाकरी खायला बसल्या.

चहा ओतून ग्लास मीच घासून ठेवल्याचं मी काकींना सांगून टाकलं.

"पण काकी, चहाच कशाला? पाण्याचा ग्लास ठेवायचा!"

"पानी लांबून दिसतंय काय? चांगूला कमी दिसतं. कोरा चा कसा कालाशार दिसतो. दूद कोन वाया घालवल?" सहा महिने भांडले, शेवटी ओतलाही मीच, पण त्यात दूध नाही हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"आणि तो तुम्ही पिता?"

"पितंय कोन त्याला! जास्वंदीला घालते."

"मग सहा महिने सांगितलं का नाहीत?"

काकींनी सुजलेला पाय सरळ केला. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तं तू आली असतीस रोज?"

दवाखान्यात घोट्याला प्लास्टर घातलं. संध्याकाळी चांगूमावशींचा फोन आला. मी शेजारीच उभी होते. काकी म्हणाल्या, "नाय गो, ग्लास मीच उचलला. मंग पडले. तुजी काय चूक?" माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी घेते आहे. हे लिहिलेलं चांगूमावशींना मीच वाचून दाखवणार आहे, आणि त्या देतील त्या कोळी शिव्या उभ्याने ऐकणार आहे.

काकींचे आभार मानायला शब्द जुळवून गेले, तर म्हणाल्या, "आबार ऱ्हाऊ दे, उद्या भांडाय ये." जाते. आता खिडकीवर मावशींच्या जोडीला माझीही नजर असते. ग्लासावर झाकण अजून माझंच पत्रक.

तुमच्याकडे मागणी एकच आहे. दुधाचा चहा रात्रभर राहिला असेल तर खुशाल ओता. पण तो तुमच्या घरातला. दुसऱ्याच्या खिडकीतला ग्लास उचलण्याआधी तो कोणासाठी थांबलाय ते विचारा. आणि तुमच्या शेजारी कोणी एकटं राहत असेल, तर हे वाचून बाजूला ठेवा, उठा, आणि आत्ता त्यांचं दार वाजवा. भांडायला का होईना, जा.