उजव्या वळणावरचा आवाज

घाट सुरू झाल्यावर गाडीत कुठेतरी पहिल्यांदा "टक्" असे वाजले, तेव्हा चौघांपैकी ते एकट्या तपासनीसांनीच ऐकले. वजनकाटे आणि तापमापक खरे बोलतात की खोटे, हे ठरवण्यात त्यांची नोकरी सरत आली होती. त्यामुळे कोणतीही वस्तू निरपराध आहे, असे ते सहसा धरून चालत नसत.

"गाडीला काहीतरी झालंय," ते म्हणाले.

"गाडीला काही झालेलं नाही," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "तुम्हाला झालंय. चालवा."

तिच्या घाईला कारण होते. डोंगरावर राहणारी तिची बालमैत्रीण त्याच दिवशी चार वाजता नवऱ्यासह मुलाकडे परदेशी निघणार होती, तीही दोन वर्षांसाठी. भेटीचा बेत याआधी दोनदा बारगळला होता. एकदा टायरमधल्या हवेवरून, एकदा आकाशातल्या हवेवरून. दोन्ही हरकती तपासनीसांच्या होत्या.

"चारच्या आत मी तिच्या दारात उभी नसले ना," निघताना बायको म्हणाली होती, "तर पुढची दोन वर्षं घरात तुम्हीही असाल, मीही असेन. आणि मी बोलणार नाही."

मागे उजवीकडे लेक कानात गाणी खुपसून बसली होती. डावीकडे सासूबाई गुडघ्यांमध्ये काठी उभी धरून, नजर खिडकीबाहेर लावून ताठ बसल्या होत्या.

पुढच्या काही वळणांत तपासनीसांचे निरीक्षण पुरे झाले. आवाज फक्त उजव्या वळणावर येत होता. उजव्या वळणावर गाडीचा भार डावीकडे जातो. म्हणजे दोष मागच्या डाव्या चाकाच्या स्प्रिंगमध्ये असणार. स्प्रिंग गेली की चाक जाणार आणि डावीकडे दरी होती. तर्क इतका सरळ होता की त्यांना पुढे जाववेना.

रस्ता जरा रुंद झाला तिथे, कठड्याला लागून त्यांनी गाडी थांबवली. फोनला रेंज नव्हती.

"एकेक गोष्ट कमी करत जाऊ. आधी सामान उतरवा."

सामान कठड्याशी उतरले आणि त्याच्या राखणीला लेक उतरली. गाडी दोन वळणे वर गेली, कशीबशी फिरली, खाली आली. आवाज होताच. मग बायको उतरली. चढणीवर पुन्हा वर, पुन्हा फिरवाफिरव, पुन्हा खाली. आवाज होताच.

"आई, आता तुम्ही जरा उतरता का?"

"उतरते, जावईबापू. पण मला इथे विसरून जाऊ नका."

या वेळी मात्र आवाज आला नाही. खात्रीसाठी त्यांनी सासूबाईंना पुन्हा बसवले. आवाज आला. उतरवले. गेला.

"भाराचा प्रश्न आहे," ते समाधानाने म्हणाले. "आता त्यांच्या जागी त्यांच्याच वजनाच्या बॅगा ठेवून बघू. आई, तुमचं वजन किती?"



"अहो!" बायको म्हणाली.

"लग्नात पंचेचाळीस होतं," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ताचं हवंय."

"आत्ताचं कशाला? उचलणार आहात का मला?"

त्यांनी अंदाजाने बॅगा तोलून सीटवर रचल्या आणि पुन्हा फेरी मारली. आवाज नाही. आणखी एक बॅग चढवली. तरीही नाही.

तपासनीसांनी मनात हिशेब मांडला. दोष भाराचा नव्हता. स्प्रिंगचा नव्हता. जे काही शिल्लक उरत होते, ते म्हणजे सासूबाई. सासू हीच सगळ्याच्या मुळाशी असते, असले विनोद त्यांनी कचेरीत कधी खपवून घेतले नव्हते, कारण त्यांना पुरावा नसे. आता पुरावा होता आणि तो बायकोला सांगायचा होता.

"काय निघालं?" बायकोने घड्याळाकडे बघत विचारले.

"अजून नक्की नाही," तपासनीस आयुष्यात पहिल्यांदाच निष्कर्ष दडवत म्हणाले.

सगळे पुन्हा गाडीत बसले. लेकीच्या फोनमधला जीव एव्हाना गेला होता, म्हणून नाइलाजाने ती इकडेतिकडे बघू लागली. पहिलेच उजवे वळण आले, समोर दरी उघडली आणि लेक ओरडली, "बाबा! आजी ब्रेक लावतेय!"

सासूबाईंची काठी पुढच्या सीटच्या लोखंडी पायावर घट्ट रोवलेली होती. काठीच्या टोकाचे रबर केव्हाच झिजले होते.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? समोर एवढी दरी दिसते आणि तुम्ही ब्रेकला हात लावत नाही."

"ब्रेकला पाय लावतात, आई."

"तेही तुम्ही करत नाही. कुणीतरी लावायला नको?"

काठी जप्त होऊन डिकीत गेली. तपासनीसांनी गाडी पुन्हा चालू केली आणि जळक्या रबरासारखा वास सर्वांना एकदम आला. चढावर गाडी पुन्हापुन्हा थांबवून, वळवून आणि उचलून तपासनीसांनी क्लच जाळला होता. इंजिन घुरघुरत राहिले, चाके हलेनात. सकाळपासून गाडीत दोष नव्हता. तो आता तयार झाला होता.

"मी ब्रेक लावत होते तोवर चालली होती," सासूबाई म्हणाल्या.

बायको काहीच म्हणाली नाही. दोन वर्षे सुरू झाली असावीत.

चार वाजून गेल्यावर वरच्या वळणावरून एक गाडी सुसाट आली, पुढे गेली, करकचून थांबली आणि मागे आली. मैत्रीण दार उघडून धावली. दोघी रस्त्यातच गळ्यात पडल्या आणि एकाच वेळी बोलू लागल्या.

"थांबता येणार नाही हो, विमान आहे," मैत्रिणीचा नवरा म्हणाला. त्याची बोटे स्टीअरिंगवर वाजत होती. "सामान ठासून भरलंय, पण एक जण मावेल. खाली पायथ्याशी गॅरेज आहे, तिथे सोडतो."

"मी जाते," बायको म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत मैत्रिणीशेजारी जाऊन बसली. जाता जाता तिने काच खाली केली. "घाट उतरेपर्यंत बोलायला मिळतंय मला. माफ केलं तुम्हाला. अर्धं."

गाडी सुटली ती बाणासारखी. तपासनीस कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली रस्त्याची वेटोळी स्पष्ट दिसत होती. एवढ्या वेगाला वळणावर काय होते, हे त्यांना बारकाईने माहीत होते. त्या माहितीचा आता काही उपयोग नव्हता.

सासूबाईंनी नातीकडून डिकी उघडवून काठी काढली, कठड्यावर बसल्या आणि खालच्या गाडीवर नजर रोखली. पहिले वळण जवळ आले. त्यांनी काठी दगडावर दाबली. टक्. खाली गाडीचे मागचे लाल दिवे लागले. दुसरे वळण. टक्. पुन्हा दिवे लागले.

वळणावर कुणीही ब्रेक लावणारच, काठीचा आणि त्या दिव्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे समजावून सांगायला तपासनीसांनी तोंड उघडले. तेवढ्यात त्यांची नजर खाली पुढच्या वळणाकडे गेली.

"आई," ते हलकेच म्हणाले, "आता जे येतंय ना, तिथे जरा जोरात लावा."