गव्हाणे अण्णांचं शिफारसपत्र

आमच्या वरच्या मजल्यावरचे गव्हाणे अण्णा घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर 'आवक' लिहून तारीख टाकतात. लाइटबिलावर, लग्नपत्रिकेवर, परवा तर सत्यनारायणाच्या प्रसादाच्या पुडीवरसुद्धा! सगळी नोकरी तहसिलीत टँकरचे प्रस्ताव तपासण्यात गेली. गावाची विहीर आटली, हेही पाच प्रतींत मागणारा माणूस.

डिसेंबरात माझ्या केतकीला अमेरिकेतल्या कॉलेजचा मेल आला. 'घेतलंत तर तुमच्याकडंच येईन' असं कबूल करून तिनं सगळ्यांच्या आधी अर्ज केला होता. उत्तर काय, तर हो नाही आणि नाहीही नाही; निर्णय मार्चमध्ये. आता पेढे वाटायचे की रडायचं? पोरगी जेवेना. मी मेल घेऊन वर अण्णांकडं गेले.

अण्णांनी मेलचा अर्थ दोनदा समजून घेतला.

"नामंजूर म्हणलंय का? नाय ना? मग फाईल जिती हाय! कागद कमी पडला असंल."

"अहो अण्णा, सगळे कागद दिलेत."

"ताई, त्रुटी असल्याबिगर कुणी पुढं ढकलत नाय."

दुसऱ्या दिवशी केतकीच्या डोमिसाईलच्या तीन साक्षांकित प्रती हजर! आम्ही पडेगावात राहतो याचं अमेरिकेला काय करायचंय? तिसऱ्या दिवशी म्हणाले, तालुका दुष्काळी जाहीर झाल्याचा कागद जोडू. माझं डोकंच चालेना. खरंच लागत असेल की काय, असंही वाटून गेलं.

शेवटी शाळेतल्या बाईंनी सांगितलं, अजून तिथंच यायचंय असं केतकीनं लिहावं, आणि जवळून ओळखणाऱ्या कुणाची तरी शिफारस जोडावी.

"अण्णाच देतील," केतकी म्हणाली. मी कपाळावर हात मारला. बाई गं, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!

अण्णांना आठवडा लागला. पत्र मराठीत होतं. केतकी इंग्रजी करायला बसली आणि मध्येच थांबली. डोळे पुसत तिनं कागद माझ्यापुढं केला.

'सदर मुलगी, माझी पत्नी वारल्यापासून, रोज संध्याकाळी मला पेपर वाचून दाखवते. मला चांगले दिसते, हे तिला ठाऊक आहे. टँकरच्या दिवशी ती माझे पाणी तिसऱ्या मजल्यावर आणून देते. माझ्याकडे दुसरे कोणी येत नाही. ती गेल्यास माझी गैरसोय होईल. तथापि, निर्णय घेताना सदर गैरसोय विचारात घेऊ नये, ही विनंती.'