रायाजीपंतांनी साचा बहिरा केला त्याची हकीकत

श्री. जो एक असोनि अनेक पानी उमटतो आणि ज्यास आपला म्हणोन रंग नाही त्यामुळे सर्वच रंग शोभतात, त्या विघ्नहर्त्यास आधी नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते काळी एका राज्यात जे घडले ते ऐकिले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ पडले असेल तर चवीपुरते. त्या राज्यास जमीन नव्हती, गड नव्हते, हत्ती तर नव्हतेच. होती ती पाने. शहरात कोणाचे बारसे निघो, कोणाचे लग्न ठरो, कोणी वृद्ध निवर्तो, ते वर्तमान राज्याच्या पानावर चढे आणि लोक हातातल्या फोनवर ते वाचीत. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक फलक असे, आणि तो फलक दर खेपेस नवा घडवीत नसत. साचेखान्यात एकच साचा केला होता, सर्व फलक त्यातूनच निघत. साच्यात रंगाची, किनारीची आणि मजकुराची जागा ठेविली असे, आणि तेथे काय भरावे याचा हुकूम थोरल्या पानावरून सुटे. थोरले पान म्हणजे ज्याच्या पोटात फलक बसतो ते. वरून हुकूम आला की हळदी हो, तर फलक हळदी होई, आणि हुकूम आला की किनार सोड, तर मुकाट किनार सोडी. आणि वरून काहीच न आले तर मात्र साच्याचा जन्माचा रंग, तो केशरी, सोनेरी किनार, आणि जन्माचा मजकूर, 'हर्षाची वार्ता! सर्वांनी आनंद करावा', ऐसे दिसे. याप्रमाणे राज्य सुखे चालिले होते.

साचेखान्याचे कारभारी रायाजीपंत खासनीस. गृहस्थ हुशार, हाताचे पक्के, आणि मनाचे हळवे म्हणावे तर हळवे, कोते म्हणावे तर कोते. तो साचा त्यांनी उन्हाळाभर खपून केला होता. लहान फोनवर आकसावा, मोठ्या पडद्यावर पसरावा, कोठे ठेविला तरी मोडू नये, ऐसा नामी. आणि थोरल्या पानाचे कारभारी धोंडाजी मुळे, वयाने लहान, बोलण्यात गोड, रंगाची जाण उपजत. राज्याच्या धनी बाईसाहेब, त्यांचा शिरस्ता ऐसा की नवे पान तयार जाहले म्हणजे दरबार भरवावा, पान भिंतीवर मोठे करून पाहावे, आणि ज्याने पान सजविले त्यास आपल्या हाते विडा द्यावा. साचा करणाऱ्यास विडा देण्याचा शिरस्ता नव्हता, कारण साचा जुनाच, पान तेवढे नवे. मग एके दिवशी एका बारशाचे पान भिंतीवर आले आणि धोंडाजींनी फलकास कोवळा पोपटी रंग आणि वर पाळण्याच्या दोरीसारखी बारीक किनार दिली होती, आणि बाईसाहेब पाहून म्हणाल्या, "अगं बाई, फलक किती गोजिरा! धोंडाजी, तुमच्या हाताला गुण आहे." आणि विडा धोंडाजींस दिला. मागल्या रांगेत रायाजीपंत बसले होते, त्यांनी टाळी वाजविली, परंतु ती दोन्ही तळव्यांस लागली नाही. फलक माझा, आकसणे माझे, पसरणे माझे, न मोडणे माझे, आणि याने वरून दोन शब्द काय सोडिले तर गुण याच्या हातास! ऐसे मनी घोळवीत ते घरी आले.

घरी त्यांची स्त्री अंबूबाई, स्पष्ट बोलणारी. पंतांनी पानावर बसल्या बसल्या सर्व गाऱ्हाणे ओकिले. अंबूबाई आमटी वाढीत म्हणाल्या, "अहो, पुरणपोळीची वाहवा होते तेव्हा पाट्या-वरवंट्याचं नाव घेतं का कुणी?" पंत म्हणाले, "म्हणजे मी पाटा-वरवंटा?" "मी कुठं तसं म्हटलं? पण पाट्याशिवाय पुरण होत नाही हे बाईला ठाऊक असतं, एवढं पुरे नाही का?" पंत म्हणाले, "बाईला ठाऊक असेल, पंगतीला नसतं." आणि ताटावरून उठले, आणि त्यापुढे जे पान भिंतीवर येई ते पाहून त्यांच्या पोटात दुखू लागे. लग्नाच्या पानास डाळिंबी रंग आला, वाहवा धोंडाजींची. मुंजीच्या पानास पळसाच्या फुलाचा रंग आला, वाहवा धोंडाजींची. एकदा तर शेजारची म्हातारी अंबूबाईंस म्हणाली, "तुमच्या ह्यांच्या कचेरीत तो मुळ्यांचा मुलगा आहे ना, तोच फलक करतो म्हणे!" ते ऐकोन रायाजीपंतांचा जेवणावरचा जीव गेला. हेवा मोठा चमत्कारिक. अन्न दुसऱ्याने खावे आणि अजीर्ण आपल्यास व्हावे.

मग एके दुपारी, साचेखान्यातील मंडळी जेवावयास गेली असता, रायाजीपंतांनी साचा उघडिला आणि त्याच्या पोटी जी ओळ होती, की वरून हुकूम येईल तो अंगी घ्यावा, न आल्यास जन्माचा रंग ल्यावा, ती खोडिली आणि लिहिले, की हुकूम येवो न येवो, जन्माचाच रंग ल्यावा, जन्माचीच किनार, जन्माचाच मजकूर. हुकूम ऐकण्याचे दार मात्र जैसेचे तैसे ठेविले, जेणेकरून वरच्यास वाटावे की आपले बोलणे पोहोचले. थोडक्यात, साचा बहिरा केला आणि कान तेवढे शोभेस ठेविले. आता पाहू, म्हणाले मनात, कोणाच्या हातास गुण आहे ते. राज्यात जितकी पाने, तितके फलक एका क्षणात केशरी जाहले. आणि नवल पाहा, शोकाचे पानही त्याच साच्यातून निघते ही गोष्ट, ज्याने साचा केला त्यासच आठवली नाही. लग्नसराई भर रंगात होती, जुनी शोकाची पाने केव्हाच उतरली होती, यमाजींनीही दोन-चार दिवस सुटी घेतली होती, आणि जिकडे तिकडे हर्षाचीच वार्ता असल्याने कोणास काही वावगे दिसले नाही.

दरबार भरला. भिंतीवर लग्नाचे पान आले, फलक केशरी, किनार सोनेरी. रायाजीपंत मान ताठ करून बसले, की आता कोणी पुसेल हा रंग कोणाचा. बाईसाहेब म्हणाल्या, "वा! कसं सणासुदीचं वाटतंय. धोंडाजी, झकास!" आणि विडा धोंडाजींस. रायाजीपंतांच्या तोंडचा रंगच उडाला. चोरी करावी आणि वाटा शेजाऱ्यास जावा, तैसे जाहले. दरबार उठल्यावर धोंडाजी साचेखान्यात आले आणि अदबीने म्हणाले, "पंत, मी हळदी सोडला होता, आला केशरी. बाईसाहेबांना आवडला म्हणून बोललो नाही. साच्यात काही फेर केलात का?" पंत संगणकावरून नजर न काढिता म्हणाले, "साचा होता तसाच आहे. तुमचाच हुकूम कुठं अडखळला असेल. नीट लिहीत जा." धोंडाजी म्हणाले, "असेल बुवा. पुन्हा पाहतो." आणि गेले. या एका बोलण्यावर पंतांस जे सुख वाटले ते त्या महिन्यात कशानेच वाटले नव्हते.

मग यमाजींची सुटी सरली, आणि धोंडाजींचे वडील, शहरातले जुने वैद्य बाबाजी मुळे, सकाळी देवपूजा करिता करिता निवर्तले. निम्मे शहर त्यांच्या काढ्यांवर वाढलेले. लोक म्हणाले पान दुसऱ्या कोणी करावे, परंतु धोंडाजी म्हणाले, "बाबांचं पान मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही." आणि स्मशानातून येऊन, ओल्या अंगाने, पान मांडिले, वडिलांची तसबीर ठेविली, फलकास राखाडी रंग सोडिला, किनार काढविली, आणि मजकूर सोडिला, 'वैद्य बाबाजी मुळे यांचे निधन'. आणि पान चढविले. तो फलक आला केशरी, किनार सोनेरी, आणि बाबाजींच्या तसबिरीवर अक्षरे, 'हर्षाची वार्ता! सर्वांनी आनंद करावा'. शहराने ते पाहिले. धोंडाजींच्या आत्याबाईंचा फोन आला, "मेल्या, बापाच्या मरणाची साखर वाटतोस?" धोंडाजींनी हुकूम पुन्हा सोडिला, तरी केशरी, निरनिराळ्या शब्दांत सोडिला, तरी केशरी, आणि पान उतरवावे तर लोकांनी सांत्वनास कोठे व केव्हा यावे ते पानावरच लिहिले होते, ते उतरविता येईना. मग त्यांनी रायाजीपंतांस फोन केला आणि म्हणाले, "पंत, माझ्या हातून काय चुकतंय ते सांगा हो. मला समजेनासं झालंय."

रायाजीपंत त्या समयी चहा घेत होते. फोनवर पान उघडून पाहिले. खरे लिहावे तर पहिल्या घोटास त्यांस बरे वाटले, की आता कळेल जगास याच्या हाताचा गुण. दुसरा घोट घशाखाली उतरला नाही. बाबाजी तसबिरीत चष्मा कपाळावर चढवून हसत होते, आणि याच बाबाजींनी पंतांच्या मुलीची कावीळ उतरविली होती आणि फी म्हणोन एक नारळ तेवढा घेतला होता. पंत फोनवर म्हणाले, "पाहतो," आणि चहा तैसाच टाकून साचेखान्यात धावले, साचा उघडिला, जुनी ओळ जैसीच्या तैसी बसविली, आणि त्याच क्षणी बाबाजींच्या माथ्यावरील फलक राखाडी जाहला. धोंडाजींचा फोन पुन्हा आला. म्हणाले, "बसलं पंत! माझ्याच हुकुमात खोट असणार. तुम्ही नसता तर आज मी काय करणार होतो?" रायाजीपंतांनी फोन ठेविला, आणि त्या रात्री अंबूबाईंपाशी साचा बहिरा केल्याचे कबूल केले.

सुतक फिटल्यावर बाईसाहेबांनी दरबार भरविला, कारण शहरात छी थू जाहली होती आणि जाब घेणे प्राप्त होते. धोंडाजी मुंडण केलेले, उभे राहून म्हणाले, "चूक माझी. माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. पंतांचा साचा सोन्याचा आहे, त्याला कुणी बोल लावू नये." पाहा, दैवाची थट्टा! ज्या एका वाक्यासाठी रायाजीपंत तळमळले होते, ते वाक्य भर दरबारात उच्चारिले गेले, आणि कोणी उच्चारिले, तर धोंडाजींनी. बाईसाहेब म्हणाल्या, "दुःखात माणूस चुकतो. पण असं पुन्हा नको. आजपासून थोरलं पान रायाजीपंतांकडे. या पंत, विडा घ्या." मागली रांग सोडून पंत पुढे गेले, हात पुढे केला, विडा तळव्यावर आला, सर्वांनी टाळी वाजविली. आता गप्प राहिले असते तर सर्वच त्यांचे होते. परंतु शेजारी धोंडाजी उभे होते आणि तेही टाळी वाजवीत होते, आणि त्यांची टाळी दोन्ही तळव्यांस लागत होती. ते पंतांस सोसेना. विडा बाईसाहेबांच्या पुढ्यात परत ठेविला आणि म्हणाले, "साचा मी बहिरा केला होता. यांचे हुकूम बरोबर होते. मला यांचा हेवा वाटत होता."

धोंडाजी पंतांकडे वळून म्हणाले, "पंत, त्या दिवशी मला वाटलं, मला वेड लागलं. मी लिहितोय एक, दिसतंय एक. बाबांसाठी रडायचं सोडून मी माझ्याच डोक्याला भीत बसलो होतो." आणि मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवून पुन्हा म्हणाले, "आता कळलं, डोकं शाबूत आहे. बरं झालं सांगितलंत. माझ्याकडून झालं गेलं ते गंगेला मिळालं." आणि वाकून पंतांच्या पायास हात लाविला. मग काय विचारता! बाईसाहेबांनी पदर डोळ्यांस लाविला, दरबार म्हणाला धन्य तो पुत्र, काय ते औदार्य, थोरले पान धोंडाजींस परत दिले, विडाही त्यांसच दिला, आणि रायाजीपंतांस ताकीद जाहली की साच्यास हात लावणे तो धोंडाजींच्या नजरेखाली लावावा. संध्याकाळपर्यंत शहरभर एकच बोलणे, धोंडाजींनी कशी क्षमा केली.

पंत घरी आले आणि झोपाळ्यावर बसले. अंबूबाईंनी पुसिले, "सांगितलंत?" "सांगितलं." "क्षमा केली त्यांनी?" "केली." "मग चांगलं झालं की. तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" पंतांनी पायाने झोपाळा थांबविला आणि म्हणाले, "अगं, खरं बोललो मी, आणि वाहवा त्याचीच झाली."

येणेंकरून त्या वर्षीचे प्रकरण निपटले. साचा बरा आहे, हुकूम ऐकतो, राज्यात सर्व रंग आहेत. रायाजीपंतांची प्रकृती मात्र अद्याप सुधारणेवर आहे, ऐसे कळते.