एका खुर्चीवर दोन सरासऱ्या

हेमांगी भामरे हिच्या संशोधनातल्या चार सरासऱ्या सोमवारी सकाळी साडेदहाला निंबाड्याच्या मानसशास्त्र विभागात सहीसाठी हजर झाल्या, आणि त्यांतल्या दोघींनी एका खुर्चीवर बसायला साफ नकार दिला.

सरासऱ्यांनी स्वतः यायचं, हा विभागाचा जुना नियम होता. सरासरी हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे वीस जणांत सोळा पुरुष असले तरी बाईच येई, आणि त्यालाही कधी कोणी हरकत घेतली नव्हती. हजेरीपटावर त्यांची नावं आकड्यांनीच लिहीत.

हेमांगी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा सांभाळून तिने दोन वर्षांत ऐंशी माणसं गोळा केली होती. चाळीस जण यंत्रमागावर काम करणारे, चाळीस कचेरीत बसणारे. दोन्हीकडच्या निम्म्या लोकांना तिने शांत खोलीत बसवलं आणि निम्म्यांना मागांच्या खडखडाटाला लागून असलेल्या खोलीत. प्रत्येकाला वीस शब्द वाचायला दिले, आणि नंतर किती आठवतात ते विचारलं. असे चार गट झाले आणि चार सरासऱ्या आल्या.

कचेरीवाल्यांची शांत खोलीतली सरासरी चौदा-एक, म्हणजे चौदा पूर्णांक एक दशांश शब्द. ती चपला दाराबाहेर काढून आली होती. त्यांचीच गोंगाटातली नऊ-सहा. तिने येताना कपाळाला बाम लावला होता. मागवाल्यांची शांत खोलीतली आठ-आठ, ती सारखी दचकून मागे बघत होती. आणि मागवाल्यांची गोंगाटातली तेरा-दोन. तिच्या केसांत कापसाची तुसं होती आणि ती सगळ्यांशी मोठ्यानेच बोलत होती.

"गोंगाटाच्या खुर्चीवर तेरा-दोन आणि नऊ-सहा," विभागप्रमुख डॉ. निकुंभ यांनी कागद बघून सांगितलं. हेमांगीचे मार्गदर्शकही तेच होते. "बसा. दोघी मिळून अकरा-चार व्हाल. पलीकडे शांततेच्या खुर्चीवर उरलेल्या दोघी बसतील, त्या अकराच्या पुढे पंचेचाळीस शतांश होतील. फरक जवळजवळ शून्य. म्हणजे गोंगाटाचा काही परिणाम नाही. संपलं."

"मी नाही बसणार," तेरा-दोन म्हणाली.

"का?"

"साहेब, मी बसले तर माझी वीस माणसं अकरावर येतील. त्यांना तेरा शब्द आठवले होते. बारा तास मागावर उभं राहून आली होती ती."

"मीही नाही," नऊ-सहा कपाळ दाबत म्हणाली. "माझ्या लोकांना जे शब्द आठवलेच नाहीत, ते त्यांच्या नावावर कशाला? त्या आवाजात त्यांचं डोकं उठलं होतं. ते कुठे लिहिलं जाणार?"

डॉ. निकुंभांनी चष्मा काढला. "हेमांगी, तुझ्या सरासऱ्या आहेत. तू सांग त्यांना."

अडचण अशी होती की संध्याकाळी पाच वाजता हेमांगीची शेवटची मुदतवाढ संपत होती. त्यानंतर पीएच.डी.ची आठ वर्षांची नोंदणी रद्द. शिवाय नगरपालिकेचे वाचनालय अधीक्षक झोपे सकाळपासून बाकावर येऊन बसले होते. गावात दोन अभ्यासिका होत्या, एक माग गल्लीत आणि एक टेकडीवर. दोन्ही चालवणं नगरपालिकेला जड जात होतं. झोप्यांच्या मांडीवरच्या अर्जात एकच प्रश्न होता: गोंगाटाचा स्मरणावर परिणाम होतो का? हो किंवा नाही. हो आलं तर माग गल्लीतली अभ्यासिका बंद करून फक्त टेकडीवरची ठेवायची. नाही आलं तर दोन्ही बंद करून बस स्टँडजवळ एकच काढायची.

संशोधकाने बसवणुकीच्या आदेशावर सही केली की सरासऱ्यांना बसावंच लागे. हेमांगीने पेन उघडलं. तिला तेरा-दोनमधली माणसं आठवत होती. त्यांतला एक रफिक अन्सारी नावाचा विणकर होता. शब्द सांगताना तो डोळे मिटून बोटांनी धोटा फेकल्यासारखं करायचा आणि प्रत्येक फेकीला एक शब्द काढायचा. तिने पेनचं टोपण परत लावलं.

"सर, अहिरराव काकांना बोलवू का?"

काशीनाथ अहिरराव हे विभागाचे सांख्यिकी सहायक. एकतीस वर्षं त्याच पदावर. त्यांनी कधी कुठला निबंध लिहिला नव्हता, पण विभागातून जो काही खरा निष्कर्ष बाहेर पडला होता तो त्यांच्या हाताखालून गेला होता. ते आले ते पाण्याचा तांब्या घेऊनच. आधी चारही जणींना पाणी दिलं, मग विचारलं, "आंतरक्रिया बघितली का कोणी?"

कोणी बघितली नव्हती.

"मग खुर्चीचा विषय आत्ता नको. हा टू-वे अनोव्हा आहे, सर. दोन गोष्टी एकदम तपासतोय आपण: खोली कोणती आणि माणूस कोण. एक दुसरीवर अवलंबून आहे का, हे आधी विचारायचं. असेल, तर एकत्र बसवून मिळणारा आकडा कोणाचाच नसतो."

"वेळ किती लागेल?" झोप्यांनी विचारलं.

"त्यांच्या आतली माणसं किती चुळबुळी आहेत त्यावर आहे."

विभागाच्या चौकात समोरासमोर दोन जिने होते, प्रत्येकी वीस पायऱ्यांचे. अहिररावांनी डावा जिना शांत खोलीला दिला आणि उजवा गोंगाटाला. डावीकडे चौदा-एक चौदाव्या पायरीवर जाऊन उभी राहिली, आणि आठ-आठ आठवीवर एक पाय ठेवून दुसरा जवळजवळ नववीवर टेकवून. उजवीकडे तेरा-दोन तेरावीवर, नऊ-सहा नववी आणि दहावीच्या मधे. मग काकांनी सुताची दोन रिळं काढली. लाल सूत मागवाल्यांच्या दोघींच्या हातात दिलं, निळं कचेरीवाल्यांच्या.

"हे दोन धागे एकमेकांना समांतर गेले असते, तर मीच खुर्ची पुसून दिली असती," ते म्हणाले.

लाल सूत डावीकडून उजवीकडे चढत गेलं. निळं उतरत गेलं. चौकाच्या मध्यावर, तुळशीच्या कुंडीच्या वर, दोघांची फुली झाली.

हेमांगीने हे आकडे कागदावर शंभरदा बघितले होते. पण लाल सूत असं चढताना बघून ती जाऊन त्याच्या खाली उभी राहिली. ज्या आवाजात एकांची स्मृती विसकटते, त्याच आवाजात दुसऱ्यांची विणली जाते, हे तिने दोन वर्षांपूर्वी घरी बोलून दाखवलं होतं तेव्हा सगळे हसले होते.

"फुली तर दिसली," डॉ. निकुंभ म्हणाले. "झालं ना?"

"नुसती दिसून चालत नाही, सर. योगायोगानेही धागे तिरपे जातात." काका जिना चढून आठ-आठपाशी गेले. "बाई, परवानगी आहे?" तिने मान हलवल्यावर त्यांनी तिच्या खांद्याजवळ कान नेला. प्रत्येक सरासरीच्या आत वीस माणसं असतात आणि ती काही सगळी एका पायरीवर नसतात. कोणी चार पायऱ्या खाली, कोणी पाच वर. कोण कुठे आहे हे काका ऐकत होते आणि डायरीत टिपत होते. चार जणींकडे मिळून चार तास लागले. त्या वेळात त्यांनी ना एका माणसाला गाळलं, ना कोणाला घाई केली. नऊ-सहाच्या आत एक तलाठी होता ज्याला तीनच शब्द आठवले होते. तो फार दबक्या आवाजात बोलत होता. काका त्याच्यासाठी दहा मिनिटं उभे राहिले.

मग पायरीवर बसून त्यांनी भागाकार केला. वर फुलीचा ताण, खाली आतल्या माणसांची चुळबुळ.

"एफ-मूल्य त्रेसष्ट पूर्णांक चार," त्यांनी वाचून दाखवलं. "चार पुरले असते. आंतरक्रिया सिद्ध आहे. ह्या बायका बरोबर बोलत होत्या."

उजव्या जिन्यावरून तेरा-दोन मोठ्याने म्हणाली, "आता उतरू का? पाय दुखले."

डॉ. निकुंभ कठड्याला धरून उभे होते. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "अहिरराव, एकदा खुर्चीवर बसलेल्या परत वेगळ्या होतात का?"

"मूळ नोंदी असल्या तर होतात, सर."

"माझ्या प्रबंधातल्या नाहीत. घर बदलताना गेल्या. दोघी बसायला तयार नव्हत्या. मी सही केली. सहा-पाच झाली त्यांची. अजून ग्रंथालयाच्या जिन्यात भेटते कधीकधी. ओळख देत नाही."

काकांनी डायरी मिटली आणि तांब्यात उरलेलं पाणी त्यांच्यापुढे धरलं. निकुंभ सर ते उभ्यानेच प्यायले आणि कार्यालयात जाऊन टेबलाशी बसले. 'गोंगाटाचा स्मरणावरील परिणाम' या शीर्षकाच्या आधी त्यांनी स्वतःच्या हाताने 'कोणावर:' असा शब्द घातला, शेजारी सही केली, आणि प्रबंध पाचला दहा मिनिटं असताना कुलसचिवांकडे पाठवला. हेमांगी वाकून नमस्कार करायला गेली तेव्हा ते म्हणाले, "मला नको. जिन्यावर जा." तिने जिन्यावर जाऊन अहिररावांना नमस्कार केला. काका लाजले आणि सूत गुंडाळत राहिले.

राहिले झोपे.

"मॅडम, माझं काय? हो की नाही?"

हेमांगीने त्यांचा अर्ज घेतला. हो आणि नाही, दोन्ही चौकटी मोकळ्या ठेवल्या आणि त्यांच्यामधल्या फटीत बारीक अक्षरात लिहिलं: कोणाच्या?

झोप्यांनी ते दोनदा वाचलं. "प्रश्नाला प्रश्न चालत नाही आमच्याकडे."

"नियम आहे का तसा?"

झोपे प्रामाणिक मनुष्य होते. त्यांनी पिशवीतून नियमपुस्तिका काढली आणि बाकावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. साडेसहा वाजले. "नाही," ते म्हणाले. "तसा नियम नाहीये. पण मग ह्या उत्तरावर अंमलबजावणी काय करायची?"

"कोणती अभ्यासिका हवी ते ज्याचं त्याला विचारा."

"सगळ्यांना?"

"मी ऐंशी जणांना विचारलं, साहेब. होतं ते."

झोप्यांनी पुढचे चार महिने घरोघर जाऊन विचारलं. अशी मोजणी नगरपालिकेच्या इतिहासात झाली नव्हती आणि त्यांना ती कोणी सांगितलीही नव्हती. टेकडीवर एकशे बारा जणांनी नाव घातलं, माग गल्लीत एकशे चाळीस जणांनी. एवढी नावं समोर आल्यावर दोन्ही अभ्यासिका चालू ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला, आणि बस स्टँडजवळच्या जागेत रसवंती निघाली.

हेमांगीला पदवी मिळाली त्या आठवड्यात ती माग गल्लीत गेली. अभ्यासिका भरलेली होती. रफिक अन्सारी कोपऱ्यातल्या टेबलाशी पुस्तक उघडून बसला होता आणि कंटाळून पानाचा कोपरा दुमडत होता. शेजारी तेरा-दोन बसली होती, तेच पान वाचत.

"काय झालं?" हेमांगीने विचारलं.

"मॅडम, नवीन माणसाने खिडक्या लावून घेतल्या," रफिक म्हणाला. "ऐकूच येत नाही काही. वाचायचं कसं?"

हेमांगीने जाऊन खिडकी उघडली. माग आत आले. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी सुस्कारा टाकला आणि माना खाली घातल्या. तेरा-दोनने पान उलटलं.